आधी आजी, मग भूत, बक्षिसं शेवटी: आग्नेय आशियाचा सिनेमा बघायचा तर

तीन-चार वर्षांपूर्वी एका मित्राने विचारलं, "कोरियन सगळं बघून झालं, आता पुढे काय?" मी ऐटीत थायलंड, फिलिपिन्स, व्हिएतनामच्या सिनेमांची यादी करून दिली. एकूण एक सिनेमा कान, व्हेनिस, लोकार्नो अशा महोत्सवांतला बक्षीसवाला. पंधरा दिवसांनी तो भेटला तो हसतच. "एक माणूस जंगलात चालायला लागला आणि मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा तो चालतच होता." त्यानंतर त्याने त्या दिशेला तोंड केलं नाही.

दोष माझ्या यादीचा होता. पहिल्यांदा जेवायला आलेल्या पाहुण्याच्या पानात कुणी आधी कारलं वाढत नाही. मी तेच केलं होतं. ही त्या यादीची दुरुस्ती समजा. क्रम मी मुद्दाम उलटा लावलाय: तिथली माणसं स्वतः तिकीट काढून जे बघतात ते आधी, महोत्सवांत गाजलेलं नंतर. हे नुसतं सोयीसाठी नाही. तिथले मोठे दिग्दर्शकही याच भुताखेतांच्या, सासू-सुनांच्या गोष्टींवर वाढलेत. त्या गोष्टी ठाऊक असल्या की त्यांचे अवघड सिनेमे निम्मे सोपे होतात.

आग्नेय आशिया म्हणजे म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि पूर्व तिमोर. अकरा देश. बौद्ध, मुसलमान, कॅथलिक, सगळे आलेच. तेव्हा 'थाई सिनेमा आवडला म्हणजे फिलिपिनोही आवडेल' असं काही नाही. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक गोष्ट या सगळ्या पट्ट्यात दिसते: लोक आपापल्या देशांचेच नाही, तर शेजाऱ्यांचेही सिनेमे थेटरात जाऊन बघायला लागलेत. आपल्यालाही त्याची झुळूक लागली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पणजीच्या इफ्फी महोत्सवात सुवर्णमयूर हे सर्वोच्च बक्षीस मिळालं तो ॲश मेफेअर या व्हिएतनामी दिग्दर्शिकेच्या 'स्किन ऑफ यूथ'ला, आणि त्याच समारंभात उत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्यमयूर 'गोंधळ' या मराठी सिनेमासाठी संतोष डावखर यांनी नेला.

पायरी १: पहिल्या रात्री आजी

सुरुवात 'हाउ टू मेक मिलियन्स बिफोर ग्रँडमा डाइज' (२०२४) या थाई सिनेमाने करा. मूळ नाव 'लान मा', म्हणजे साधारण 'आजीचा नातू'. पॅट बूनितिपत या दिग्दर्शकाचा हा पहिलाच सिनेमा.

एम नावाचा पोरगा कॉलेज सोडून घरात गेम खेळत बसलाय. त्याच्या चुलतबहिणीने मरणाला टेकलेल्या आजोबांची सेवा केली आणि अख्खं घर तिच्या नावावर झालं, हे तो बघतो. इकडे त्याच्या आईच्या आईला कॅन्सर निघतो. पठ्ठ्या बॅग उचलतो आणि आजीकडे राहायला जातो, 'सेवेला'. आजी बँकॉकच्या तालात फ्लू या जुन्या वस्तीत राहते. घराणं मूळचं चिनी. म्हातारी अजूनही पहाटे उठून भाताची पेज विकते. तिला तीन मुलं: थोरला पैसेवाला, एक कर्जबाजारी जुगारी, आणि एक लेक जी न बोलता सगळं निस्तरते.

मी हा आईबरोबर बघितला. तिला इंग्रजी सबटायटल भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगत होतो. वीसेक मिनिटांनी तिने हाताने खूण केली, गप्प बस. पुढे एकदाच तोंड उघडलं: "घर कुणाच्या नावावर करते ते आधी सांग." मी सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही.

आजीचं काम करणाऱ्या उषा सीमखुम यांनी पंच्याहत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा सिनेमात काम केलं. कॅमेऱ्याला सरावलेली नटी नाही, म्हणून त्यांचं नुसतं दारात बसून रविवारी येणाऱ्या मुलांची वाट बघणं इतकं खरं वाटतं. हा सिनेमा इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स सगळीकडे धो धो चालला. थेटरात जाण्याआधीचा आणि रडून बाहेर आल्यानंतरचा आपला चेहरा फोनवर टिपून टाकायची टूमच निघाली. ऑस्करच्या पंधरा परदेशी सिनेमांच्या निवडयादीत पोचलेला हा पहिला थाई सिनेमा.

दुसऱ्या रात्री फिलिपिन्स. तिथल्या लोकप्रिय सिनेमाचं खरं गाव विमानतळ आहे, कारण घरटी एखादं माणूस तरी परदेशात राबतंय. 'हॅलो, लव्ह, गुडबाय' (२०१९) हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो मुलीची प्रेमकथा, आणि तिचा पुढचा भाग 'हॅलो, लव्ह, अगेन' (२०२४) कॅनडातला. हा दुसरा शंभर कोटी पेसोंची कमाई ओलांडणारा पहिला फिलिपिनो सिनेमा ठरला. गोडमिट्ट आहे, मान्य. पण तिसऱ्या रात्री लगेच सिंगापूरचा 'इलो इलो' (२०१३) लावा. अँथनी चेनच्या या पहिल्या सिनेमाला कानमध्ये पदार्पणाचं 'कॅमेरा द'ओर' मिळालं. १९९७ च्या आर्थिक संकटात सापडलेलं मध्यमवर्गीय चिनी कुटुंब, त्यांचा वांड पोरगा, आणि त्याला सांभाळायला आलेली फिलिपिनो बाई टेरी. कालच्या सिनेमात जी नायिका होती ती इथे मोलकरीण आहे, आणि कॅमेरा मालकाच्या घरात आहे. ही जोडी लागोपाठ बघण्यात जी गंमत आहे ती सुटी सुटी बघण्यात नाही.

पायरी २: कान आधी, डोळे मागून

सिनेमा चालू करण्याआधी 'ऑडिओ अँड सबटायटल्स'च्या खुणेवर जा आणि आवाज मूळ भाषेचा निवडा. बऱ्याच ठिकाणी हिंदी किंवा इंग्रजी डब आपोआप चालू होतं. इंडोनेशियन भूतपट मी पहिल्यांदा डब केलेला बघितला, तेव्हा भुतापेक्षा हिंदी बोलणारा मौलवीच जास्त भीतिदायक वाटला होता. सबटायटल इंग्रजीच घ्यावी लागतात, मराठीची वाट बघण्यात अर्थ नाही. वाचायची सवय दोन-तीन सिनेमांत होते.

आता खरी मेख. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळीकडे एकच 'यू' असतं. थाई माणूस मात्र समोरच्याला वडीलधारा असेल तर 'फी' म्हणतो, लहान असेल तर 'नोंग'. इंडोनेशियात 'पाक' आणि 'बू' म्हणजे मोठ्यांना मान, जावाकडे 'मास' आणि 'म्बाक' म्हणजे दादा-ताई. व्हिएतनामीत तर 'मी' आणि 'तू' यांना असा कोरा शब्द रोजच्या बोलण्यात जवळजवळ नसतोच. नातं ठरवूनच वाक्य सुरू करावं लागतं. बाई पुरुषाला 'आन' आणि स्वतःला 'एम' म्हणायला लागली की ती काय सांगते आहे हे सबटायटलवाल्याला दाखवता येत नाही. 'अहो'चं 'अरे' कधी होतं आणि का होतं हे ज्याला कळतं, त्याने कान उघडे ठेवले तर हे दोन-चार सिनेमांत आपसूक पकडता येतं. आपल्याला गोऱ्या प्रेक्षकापेक्षा एवढा फायदा नक्की आहे.

दुसरा फायदा शब्दांचा. इंडोनेशियन कौटुंबिक सिनेमात 'सुआमी' ऐकू आलं की नवरा (स्वामी), 'इस्त्री' आलं की बायको. कपड्यांची इस्त्री डोक्यात येते, इलाज नाही. 'दोसा' म्हणजे पाप, आपला दोष. 'सुर्गा' स्वर्ग, 'बहासा' भाषा, 'गुरू' गुरूच. थाई शिक्षकाला 'आजान' म्हणतात, तो आचार्य. फिलिपिन्सच्या तगालोगमध्ये चेहऱ्याला 'मुखा' आणि शिक्षकाला 'गुरो'. अरबीही भरपूर: इंडोनेशियन दिग्दर्शक जोको अन्वर यांच्या एका भूतपटाचं नाव 'पेरेम्पुआन ताना जहानाम'. पेरेम्पुआन म्हणजे बाई, ताना म्हणजे जमीन, आणि तिसरा शब्द तुम्हाला येतो.

पायरी ३: भुतांना घाबरू नका, तीच वाट दाखवतात

इथे जरा रेंगाळतो, कारण या भागाचा सिनेमा कळायचा तर भूत कळावं लागतं.

बँकॉकच्या फ्रा खनोंग भागातली जुनी दंतकथा आहे. माक लढाईवर गेलेला, मागे गरोदर बायको नाक. ती बाळंतपणात बाळासकट जाते. माक परत येतो तर बायको-पोर घरात हजर. गावकरी सांगून थकतात, त्याला पटत नाही. मग एक दिवस नाक लिंबू कापायला घेते. तिथलं घर खांबांवर उभं, जमिनीत फळ्या, फळ्यांत फटी. लिंबू हातातून निसटतं आणि फटीतून खाली जातं. नाक जागची उठत नाही. तिचा हात लांबत लांबत खाली जातो, लिंबू उचलतो आणि परत येतो. खाली उभा असलेला माक ते बघतो.

ही गोष्ट थायलंडमध्ये शेंबडं पोरही सांगेल. बँकॉकच्या वाट महाबुत देवळात नाकचं ठाणं आहे. लोक तिला साड्यांऐवजी थाई पोशाख वाहतात, बाळासाठी खेळणी ठेवतात, आणि सैन्यभरतीच्या सोडतीत आपल्या पोराचं नाव निघू नये म्हणून नवस बोलतात. नवरा लढाईवर गेल्याचं दुःख तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आपल्याकडेही बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते. फक्त तिला आपण गावाबाहेर ठेवतो. थाई माणसाने तिची आई केली.

तर क्रम असा. आधी 'नांग नाक' (१९९९), दिग्दर्शक नॉन्झी निमिबुत्र: गंभीर, सुंदर, पावसाने चिंब. मग 'पी माक' (२०१३), तीच गोष्ट नवरा आणि त्याच्या चार टारगट मित्रांच्या नजरेतून, हसून पोट दुखवणारी. लिंबाचा प्रसंग यातही आहे, आणि पहिला सिनेमा बघितला असेल तरच त्यातला चावटपणा कळतो. शेवटी 'अ युजफुल घोस्ट' (२०२५): धुळीच्या प्रदूषणाने मेलेली बायको व्हॅक्यूम क्लीनरमध्ये शिरून नवऱ्याकडे परत येते. कानच्या 'क्रिटिक्स वीक'चं मोठं बक्षीस याला मिळालं. थेट हा लावला असता तर 'काय वेडेपणा' म्हणून बंद केला असता. नाकच्या मागोमाग आलात की तो वेडेपणा राहत नाही, घरातल्याच भुताची पुढची पिढी दिसते.

इंडोनेशियाचं भूत वेगळं, जास्त दुष्ट आणि जास्त गरीब. जोको अन्वर आधी 'जकार्ता पोस्ट'मध्ये सिनेमावर लिहायचे. १९८० च्या एका गाजलेल्या भूतपटाचा त्यांनी नव्याने केलेला 'पेंगाब्दी सेतान' (२०१७) लावा. 'सेटन्स स्लेव्ज' या इंग्रजी नावाने सापडला नाही तर या मूळ नावाने शोधा. आई कधीकाळची गायिका, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. बोलता येत नाही म्हणून हाताशी घंटा ठेवलेली. तिच्या आजारात पैसा संपलाय, घर गहाण आहे, गाण्याच्या मानधनातून काही मिळेल का हे विचारायला मोठी मुलगी खेटे घालते. आई जाते. आणि मग रात्री घंटा वाजते. दचकवणारे प्रसंग बरेच आहेत, पण मला धडकी भरली ती त्या गहाणखताने.

'केकेएन दी देसा पेनारी' (२०२२) हा दुसरा. केकेएन म्हणजे विद्यापीठातल्या पोरांनी खेड्यात जाऊन करायचं सक्तीचं समाजकार्य, आपल्या एनएसएस शिबिराचा मोठा भाऊ. २०१९ मध्ये ट्विटरवर कुणा निनावी माणसाने तुकड्या-तुकड्यांत टाकलेली गोष्ट देशभर पसरली, तिचा हा सिनेमा. एक कोटीच्या आसपास लोकांनी थेटरात बघितला. खरं सांगायचं तर सिनेमा म्हणून बेताचाच आहे. पण एखाद्या देशाची गर्दी कशाला किंचाळते हे बघायचं असेल तर दोन तास द्या.

मलाय भाषेतलं नाकच्याच जातीचं भूत म्हणजे पोन्तियानाक, आणि इथे आपला खरा धागा लागतो. सिंगापूरमध्ये १९५७ साली आलेला 'पोन्तियानाक' दिग्दर्शित केला होता बी. एन. राव या भारतीय माणसाने. तुफान चालला, आज त्याची प्रत उपलब्ध नाही. त्या काळी सिंगापूरच्या स्टुडिओंत दिग्दर्शक भारतातून आणायची रीतच होती. १९३० च्या दशकातला मलाय 'लैला मजनू' बी. एस. राजहंस यांचा. फणी मजुमदारांनी तिथे 'हांग तुआ' (१९५६) केला. त्यात नायक होता पी. रामली, जो नट, गायक, संगीतकार आणि दिग्दर्शकही होता. त्याचा स्वतःचा पहिला सिनेमा 'पेनारेक बेचा' (१९५५), सायकलरिक्षावाल्याची गोष्ट, एकदा बघा. भाषा अजिबात कळली नाही तरी गाणं कुठे येणार हे तुम्हाला आधी कळेल.

पायरी ४: मारामारी, बेताने

यात सांगण्यासारखं फार नाही. आवड असेल तर तुम्ही आधीच बघितलं असेल. 'ओंग-बाक' (२००३) मध्ये टोनी जा तारा न बांधता उड्या मारतो. 'द रेड' (२०११) चा दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स वेल्सचा, पण मारामारी अस्सल इंडोनेशियन पेंचाक सिलाटची. नायक इको उवाइस हा सिलाट शिकलेला पोरगा, इव्हान्सला माहितीपट करताना तालमीत सापडलेला. सिनेमाच्या सुरुवातीला तो पहाटे नमाज पढतो, आणि त्याचं नाव आहे रामा. तिथे कुणाला यात काही विचित्र वाटत नाही.

त्यापेक्षा 'मार्लिना द मर्डरर इन फोर ॲक्ट्स' (२०१७) बघा, दिग्दर्शिका मौली सूर्या. सुंबा बेटावरची विधवा, खोलीच्या कोपऱ्यात नवऱ्याचं जतन केलेलं प्रेत बसवलेलं. दरोडेखोर येतात. पुढच्या भागात ती म्होरक्याचं मुंडकं हातात घेऊन बसची वाट बघत उभी आहे. पोलीस चौकीत पोचते तर साहेब टेबल टेनिस खेळतायत, आणि तपासणीचं सामान अजून आलेलं नाही म्हणतात. हा प्रसंग समजायला कुठल्याच सबटायटलची गरज नाही.

पायरी ५: नावं

थाई माणसाचं पहिलं नाव हेच हाक मारायचं नाव. म्हणून दिग्दर्शक 'अपिचातपोंग', 'वीरासेथाकुल' नाही. परदेशात तो सरळ 'जो' म्हणून ओळख देतो. व्हिएतनामी आडनाव आधी येतं: दिग्दर्शक ट्रान आन हुंग मधला 'ट्रान' आडनाव, हाक 'हुंग'. इंडोनेशियात आडनाव नसलेली माणसं ढिगाने. 'एडविन' नावाचा दिग्दर्शक नुसताच एडविन आहे, पुढे काही राहिलेलं नाही. शोधताना ही गोष्ट डोक्यात ठेवली की अर्धा मनस्ताप वाचतो.

पायरी ६: सिनेमाआधी पाच मिनिटं इतिहास

सगळ्या देशांचा नको, जो सिनेमा लावणार त्याचाच.

इंडोनेशियासाठी दोन सालं: १९६५ आणि १९९८. पहिल्या साली कम्युनिस्ट ठरवून लाखो लोकांची कत्तल सुरू झाली, दुसऱ्या साली सुहार्तोंची राजवट पडली. मधल्या काळात त्या घटनांवरचा एक सरकारी सिनेमा दरवर्षी ३० सप्टेंबरला टीव्हीवर दाखवला जायचा आणि शाळकरी पोरांना तो बघावाच लागायचा. हे माहीत असेल तर 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२) या माहितीपटात म्हातारे झालेले मारेकरी आपलेच खून हॉलिवूडच्या थाटात पुन्हा अभिनय करून दाखवतात, तेव्हा नेमकं काय चाललंय ते कळतं.

फिलिपिन्ससाठी १९७२, मार्कोस या हुकूमशहाचा मार्शल लॉ. दिग्दर्शक लिनो ब्रोका त्याच काळात काम करत होते. 'इन्सियांग' (१९७६) ची सुरुवात डुकरांच्या कत्तलखान्यात होते आणि मग कॅमेरा मनिलाच्या झोपडपट्टीत शिरतो. आई, मुलगी आणि आईचा तरुण यार. आपल्या समांतर सिनेमाची सवय असलेल्यांना हा लगेच जवळचा वाटेल. रंग मात्र मेलोड्रामाचा, आणि तो ब्रोकांनी न लाजता वापरलाय.

व्हिएतनामची लढाई आपण अमेरिकन सैनिकाच्या खांद्यावरूनच बघितली आहे. त्यावर उतारा म्हणून डांग न्यात मिन यांचा 'व्हेन द टेन्थ मंथ कम्स' (१९८४) हा काळापांढरा सिनेमा. नवरा आघाडीवर मारला गेल्याची खबर सुनेला कळते. सासरा आजारी. ती खबर लपवते आणि गावच्या मास्तरांना गळ घालते: तुम्ही माझ्या नवऱ्याच्या नावाने पत्रं लिहा. मास्तर लिहितात. सगळा सिनेमा त्या खोट्या पत्रांवर उभा आहे, बंदुकीचा आवाज जवळजवळ नाही.

कंबोडियाबद्दल जरा थांबून. १९६० ते १९७५ मध्ये तिथे चारशेच्या आसपास सिनेमे निघाले, नॉमपेन्हमध्ये थेटरं भरलेली असत. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज हे कट्टर कम्युनिस्ट सत्तेवर आले, त्यांनी शहर रिकामं केलं. नट, दिग्दर्शक मारले गेले, बहुतेक सिनेमांच्या रिळा गेल्या. रिथी पान तेव्हा लहान होते. त्यांच्या घरातले बरेच जण छावण्यांत भुकेने आणि आजाराने गेले. पुढे फ्रान्समध्ये शिकून दिग्दर्शक झाल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न होता की जे बघितलं त्याचं चित्र कुठेच नाही, आहेत ते फक्त राजवटीने काढलेले प्रचारपट. म्हणून 'द मिसिंग पिक्चर' (२०१३) मध्ये त्यांनी मातीच्या बाहुल्या केल्या. आपल्यासमोर एक हात मातीच्या गोळ्यातून माणूस कोरतो, सुरीच्या टोकाने नाकडोळे काढतो, ब्रशने कपडे रंगवतो. बाहुल्या हलत नाहीत, कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो. सुरुवातीला कपडे रंगीबेरंगी. शहर रिकामं झालं की सगळ्यांचे काळे. किल्ल्यावरचे मावळे मातीत करत वाढलेल्या माणसाला तो आकार ओळखीचा असतो, म्हणून जास्तच लागतो. हा जेवताना लावू नका.

पायरी ७: आता बक्षीसवाले

माझ्या मित्राला झोपवणारा सिनेमा अपिचातपोंगचा होता. तोच दिग्दर्शक, पण सुरुवात 'अंकल बून्मी हू कॅन रिकॉल हिज पास्ट लाइव्ह्ज' (२०१०) ने करा. कानचा सर्वोच्च 'पाम द'ओर' मिळवणारा तो पहिला थाई सिनेमा. मूत्रपिंडं निकामी झालेला शेतकरी, ईशान्येकडचं घर, रात्रीचं जेवण चाललंय. टेबलाच्या रिकाम्या खुर्चीवर हळूहळू एक बाई दिसायला लागते. मेलेली बायको. क्षणभर सगळे चपापतात आणि मग बोलणं सुरू होतं. थोड्या वेळाने अंगभर केस आणि लाल डोळे असलेला, वर्षांपूर्वी हरवलेला मुलगा जिना चढून येतो. त्यालाही बस म्हणतात. नाकची गोष्ट ठाऊक असलेल्या तुम्हाला हे आता कोडं वाटणार नाही. अपिचातपोंगने यातली रिळं वेगवेगळ्या शैलींत केली आहेत, त्यात लहानपणीच्या थाई टीव्ही मालिकाही आहेत.

बघायची पद्धत: रात्र, अंधार, फोन दुसऱ्या खोलीत, आणि हेडफोन. रातकिडे, पंखा, लांबचं वाहन, या आवाजांवरच अर्धा सिनेमा आहे. डुलकी लागली तर लागू द्या, मागे नेऊ नका.

फिलिपिन्सचे लाव दियास ही पुढची इयत्ता. त्यांचे सिनेमे आठ-आठ तासांचे असतात. व्हेनिसला सुवर्णसिंह मिळालेला 'द वुमन हू लेफ्ट' (२०१६) त्या मानाने आटोपशीर, पावणेचार तासांचा. न केलेल्या गुन्ह्यासाठी तीस वर्षं तुरुंगात काढलेली बाई सुटते आणि ज्याने अडकवलं त्याला शोधत निघते. मी हा एका महोत्सवात उपाशीपोटी गाठला. दीड तासाने उठलो, बाहेर वडापाव खाल्ला, चहा घेतला, परत आलो. पडद्यावर रात्र होती, ती बाई अंडी विकणाऱ्या कुबड्या माणसाशी बोलत बसली होती, आणि माझं काही फारसं चुकलेलं नव्हतं. पण तेव्हापासून डबा बरोबर नेतो.

पायरी ८: मिळवायचे कसे

नेटफ्लिक्सवर थाई, इंडोनेशियन, फिलिपिनो लोकप्रिय सिनेमे येत असतात. महोत्सवी माल बहुधा मुबीवर. आज आहे ते पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, म्हणून 'जस्टवॉच'वर नाव टाकून सध्या कुठे आहे ते बघा. जुन्यांपैकी काही निर्मात्यांनी आणि संस्थांनी स्वतःच यूट्यूबवर टाकलेत. वाहिनी अधिकृत आहे ना तेवढं तपासा.

लावण्याआधी लांबी जुळवून पाहा. सिनेमाची मूळ मिनिटं किती आणि तुमच्यासमोर किती. या देशांत सेन्सॉरची कात्री धारदार आहे. अपिचातपोंगच्या 'सिंड्रोम्स अँड अ सेंच्युरी' (२००६) मधले चार प्रसंग थाई सेन्सॉरने कापायला सांगितले, त्यांतल्या एकात तर भिक्षू गिटार वाजवतो एवढंच होतं. शेवटी मायदेशी दाखवताना त्याने त्या जागी काळी पट्टी तेवढाच वेळ चालवली. मलेशियाच्या अमांडा नेल यू हिने कानमध्ये नावाजलेल्या 'टायगर स्ट्राइप्स' (२०२३) ची मायदेशी लागलेली कापलेली प्रत आपली मानायलाच नकार दिला. चार-पाच मिनिटं कमी दिसली तर दुसरी प्रत शोधा.

मोठ्या पडद्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला पुण्याचा पिफ, नोव्हेंबरमध्ये पणजीची इफ्फी, आणि मुंबईत फक्त आशियाई सिनेमांचा थर्ड आय महोत्सव. वेळापत्रक हातात आलं की आधी देशाचा रकाना वाचा. गर्दी युरोपियन नावांकडे पळते, त्यामुळे फिलिपिन्स किंवा कंबोडियाच्या खेळाला जागा बहुतेक वेळा मिळते.

आणि कामानिमित्त तिकडेच असाल तर थेटर सोडू नका. सिंगापुरात एशियन फिल्म आर्काइव्हचं ओल्डहॅम थिएटर आहे, जुने मलाय सिनेमे तिथे पडद्यावर बघायला मिळतात. बँकॉकच्या मॉलमधल्या थेटरांत थाई सिनेमालाही बऱ्याचदा इंग्रजी सबटायटल असतात, तिकीट काढताना खिडकीवर विचारून घ्या. जाहिराती संपल्या की राजगीत वाजतं. आपल्याला सवयीने उठायला होतंच. हल्ली बरीच तरुण मंडळी बसून राहतात, त्यांच्याकडे बघत बसू नका. दिवे गेले की पॉपकॉर्नचा डबा मांडीवर घ्या. खाली ठेवलात आणि अंधारात काही निसटलं, तर उचलायला कुणाचा हात येईल सांगता येत नाही.